हलवू नका

तीन वाट्या साखर, एक वाटी पाणी.
ढवळत राहायचं, पाणी पुरे म्हणेपर्यंत,
मग पुन्हा अर्धी मूठ.
उकळी आलेलं पाणी खोटं बोलतं,
झेपणार नाही तेवढं घे म्हणतं,
आणि निवताना त्याला ते परत करावं लागतं.
खडीसाखर म्हणजे ती परतफेड,
हप्त्याहप्त्यानं.

धागा घरात होताच.
तांडापेठेत, कोष्ट्याच्या घरी,
धागा मागायला कुणी शेजारी जात नाही.
माग विकून अकरा वर्षं झाली
तरी घड्याळामागे, पलंगाखालच्या डब्यात
सुताच्या कांड्या निघतातच,
गव्हात खडे निघावेत तशा.
मामाजींनी चार कांड्या उजेडात धरल्या.
"ऐंशी नंबरी नको, घसरते.
हे वीस नंबरी घे, याले लव असते."
"तुम्ही कधी केली होती का खडीसाखर?"
"नाही व. पण सूत मले समजते."

खालच्या टोकाला शर्टाचं बटण, वजनापुरतं,
वरती आडवी निमिषाची पेन्सिल.
आता बरणी ठेवायची कुठे?
स्वयंपाकघरात मुंग्या.
पुढच्या खोलीत कूलर,
आणि मे महिन्यात नागपुरात
कूलर बंद करा म्हणणाऱ्याला घराबाहेर काढतात.
तो थरथरतो, त्याच्यासोबत कपाट,
कपाटावरचा गणपतीसुद्धा.
उरली मधली खोली.
मागाचा खड्डा होता तिथे आता फरशी आहे,
बाकीच्या फरशीहून जरा निराळ्या रंगाची.
तिच्यावर परात, परातीत पाणी,
पाण्यात बरणी, बरणीवर मलमलीचा तुकडा.
निमिषानं वहीचं पान फाडून लिहिलं,
हलवू नका.
खाली दोन रेघा मारल्या, दुसरीनं कागद फाटला.

चाळीस वर्षं त्या जागी
पावड्या खालीवर, धोटा इकडून तिकडे,
भिंतीतली खुंटीही नाचायची,
असं सासूबाई सांगायच्या.
आता त्या जागेला म्हणायचं, गप्प बस.

मामाजी खुर्ची ओढून राखणीला बसले.
पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी तोंडाशी पापुद्रा,
दुधावर धरतो तसा, तोही अर्धाच.
तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला उठले
तर ते बरणीवर वाकलेले,
मलमल बाजूला,
दोन बोटांत धागा हलकेच ताणून बघताना.
मला पाहून हात मागे घेतला.
"हलवलं नाही व. तपासलं."
मी निमिषाला सांगितलं नाही.
चौथ्या दिवशीही नाही.

आठव्या दिवशी बरणी खिडकीशी नेली.
धाग्यावर चार खडे, त्यातले दोन जुळे,
एक तर बटणालाच बिलगलेला.
बाकी सगळी साखर
तळाशी जाऊन लादी होऊन बसली होती,
जाड, कडक, दिसायला फार सुंदर.
"चुकलं आपलं," निमिषा म्हणाली,
आणि तिची हनुवटी हलायला लागली.
मामाजी बरणीत डोकावले.
"चुकलं काहून? जिथं जागा भेटली तिथं बसली."
मग धागा उचलून त्याच्याकडे बघत राहिले,
चार खडे, मधे रिकामं सूत.
"हा भाग मीच हलवला असन," म्हणाले, हळूच,
पण तिला ऐकू जाईल इतकं.

लादी निघता निघेना.
गरम पाणी, उलथन्याचं टोक, शिव्या,
शेवटी टवके उडाले,
एक कूलरखाली गेला तो मुंग्यांचा.
बाकीचे डब्यात भरले, चार पौनीकरांकडे दिले,
बटणाचा खडा निमिषानं शाळेसाठी ठेवला.

"चावू नका हं, दात," मी म्हटलं.
"चावत कोण आहे. विरू देतो."
एक गाल फुगलेला, डोळे मिटलेले,
खुर्चीत बसल्या बसल्या
पाय चालू होते,
एक खाली, एक वर,
त्या निराळ्या रंगाच्या फरशीवर,
तिथला कागद अजून कुणी उचलला नव्हता.